फोर-लोचा हिशेब: जांभ्याची चढण, काळं रान आणि मोठे टायर

खानापूर-जांबोटीकडच्या जांभ्याच्या खडकाळ चढणीवर क्लचप्लेट जळते ती हाफ क्लचमुळे. साधा पहिला गिअर तिथे फार पळतो, मग पाय क्लचवरच राहतो. त्यावर उपाय फोर-लो, म्हणजे चारही चाकं हळू पण जास्त जोराने फिरवणारं गिअरिंग. म्हणून आधी आपल्या गाडीचा आकडा काढा: पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लो गुणिले फायनल ड्राइव्ह (अ‍ॅक्सलमधलं शेवटचं गिअर-प्रमाण). मॅन्युअल गिअरच्या सुझुकी जिम्नीचं 4.425 × 2.002 × 4.090, म्हणजे 36 च्या आसपास. 1000 आरपीएमला गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने सरकते, हायमध्ये, म्हणजे साध्या गिअरिंगमध्ये, सातने.

लो टाकायचा तो चढण लागण्याआधी, सपाटीवर, हँडब्रेक ओढून. ट्रान्सफर केसचा लिव्हर मधल्या न्यूट्रलवर असताना गाडी गिअरमध्ये असली तरी घरंगळते. क्लच पूर्ण दाबा, लिव्हर एका दमात ओढा. अडला तर जोर लावू नका. गाडी हातभर सरकवली की दाते जुळतात. उतारावरही लो पहिलाच, आणि क्लचला पाय लावायचा नाही.

अथणी-रायबागच्या काळ्या रानात मात्र पहिला गिअर घात करतो. टायरच्या खाचा मातीने भरतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरतं. तिथे लो दुसरा किंवा तिसरा, हवा 18 ते 20 पीएसआय, आणि चाक एवढं फिरतं ठेवायचं की माती झडत राहील. गाडी पोटावर टेकली की थांबा, फावडं काढा.

डांबरावर आलात की आधी टू-हाय, म्हणजे दोनच चाकांना ताकद, साधं गिअरिंग. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये (लागेल तेव्हाच जोडायची, पुढचे-मागचे शाफ्ट घट्ट बांधणारी) वळताना पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण साठतो, लिव्हर निघत नाही. थोडं सरळ रिव्हर्स घेतलं की सुटतो.

मोठे टायर हौसेने बसवले जातात, गिअरिंगकडे कुणी बघत नाही. जिम्नीचा मूळ टायर साधारण 27 इंची. 31 इंची घातला की 36 चा आकडा 32 वर येतो. तो परत मिळवायला फायनल ड्राइव्ह 4.6 च्या आसपास हवा, तोही दोन्ही अ‍ॅक्सलला सारखाच. फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या अ‍ॅक्सलचे क्राउन-पिनियन (फायनल ड्राइव्हची दातेरी चाकं) बदलून फोर-व्हील लावलंत तर ट्रान्सफर केस नाहीतर जॉइंट तुटणारच.

पावसाळ्यात कणकुंबीकडचे ओढे ओलांडताना तापलेला डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरची (डिफरन्शियलची हवा आत-बाहेर जाण्याची) नळी बॉनेटपर्यंत वर न्या. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन नट किंचित सैल करा; पाणी तळाशी बसतं, तेच आधी येतं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, बहुतेक अ‍ॅक्सलना जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल.