टांझानियात इंटर्नशिपला जाताय? या चुका टाळा

परदेशात माणूस अनोळखी गोष्टींना बिचकून असतो, त्यामुळे तिथे तो सहसा फसत नाही. दार-ए-सलामला इंटर्नशिपसाठी येणाऱ्या मराठी मुलामुलींची फजिती होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींपाशी. रस्त्यावर बजाजच्या रिक्षा, टपरीवर चपाती आणि चाय, वाहनं डावीकडून, वीज 230 व्होल्टची. पहिल्या आठवड्यात वाटतं, हे तर आपलंच! पुढच्या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

तीन वाजताची मीटिंग

सर्वात जास्त तोंडघशी पाडणारी चूक ही. इथल्या स्वाहिली भाषेत तास मोजायला सुरुवात होते सूर्योदयापासून. दार-ए-सलाम विषुववृत्ताच्या खाली जेमतेम सात अंशांवर आहे, त्यामुळे वर्षभर सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि हा हिशोब बारा महिने जुळतो. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, 'साआ मोजा'. आठ म्हणजे 'साआ म्बिली', नऊ म्हणजे 'साआ टाटू'. टाटू म्हणजे तीन. आता साहेब मनातल्या मनात स्वाहिलीतून इंग्रजीत येताना 'उद्या थ्री ओक्लॉक' म्हणून गेले, की इंटर्न दुपारी तीनला नटूनथटून हजर, आणि मीटिंग सकाळी नऊलाच संपलेली.

उपाय सोपा आहे: सहा तास मिळवा किंवा वजा करा. तेही नको असेल तर घड्याळात तासकाटा जिथे आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. शिवाय वेळेसोबत येणारा शब्द सोडू नका. आसुबुही म्हणजे सकाळ, म्चाना दुपार, जिओनी संध्याकाळ, उसिकु रात्र. 'साआ म्बिली आसुबुही' सकाळचे आठ आणि 'साआ म्बिली उसिकु' रात्रीचे आठ. ठरलेली वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर '09:00' अशी आकड्यांत लिहून पाठवा आणि 'सकाळीच ना?' एवढं विचारून घ्या. त्यात काही कमीपणा नाही, तिथली माणसंही परदेशी माणसाशी बोलताना असंच विचारून घेतात.

खरा फटका बसतो लांब पल्ल्याच्या बसला. अरुशा, मोशीकडच्या पुष्कळ गाड्या पहाटे सहाला सुटतात आणि हाताने लिहिलेल्या तिकिटावर '12:00' असू शकतं, कारण सकाळचे सहा म्हणजे 'साआ कुमी ना म्बिली', बारा. '11:30 ला या' म्हणजे पहाटे साडेपाचला या. त्यात मागुफुली बस टर्मिनल पार म्बेझीला, शहराच्या मध्यापासून चांगलंच लांब, म्हणजे घरातून चारलाच निघायला हवं. भर दुपारी सामान घेऊन पोचलात तर गाडी अर्ध्या वाटेवर असेल. तिकीट हातात घेतल्या घेतल्या खिडकीवरच विचारा: आसुबुही की उसिकु?

रात्री साडेदहाला गेलेली वीज

लाइट गेली की आपण खिडकीतून शेजारी बघतो. त्यांच्याकडे उजेड असेल तर समजा, मीटरमधले पैसे संपलेत. इथे बहुतेक घरांत 'लुकु' असतं, प्रीपेड मीटर. मोबाइलवरून पैसे भरायचे, एसएमएसने 20 अंकी टोकन येतं, ते मीटरच्या बटणांवर दाबायचं. चुका ठरलेल्या: मीटर नंबर माहीत नसतो, मीटर जिन्याखाली कुलपात असतं, किंवा दोन बिऱ्हाडांना मिळून एकच असतं. राहायला गेलात त्याच दिवशी मीटरचा आणि त्यावरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा, किल्ली कुणाकडे असते ते विचारा. टोकन चार-चार अंकांच्या गटात वाचत दाबा, अंधारात टॉर्च धरायला दुसरा माणूस घ्या. रीचार्ज शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उरका.

भरलेल्या पैशांत युनिट कमी का आली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. 2021 पासून घराचा मालमत्ता कर याच मीटरमधून महिन्याला कापला जातो, आणि काही महिने रीचार्ज नसेल तर थकलेलाही जातो. कर घरमालकाचा आहे, तेव्हा भाडं ठरवतानाच तो विषय काढा. आणखी एक: या जातीच्या मीटरांचं अंतर्गत कालमापन जगभर 24 नोव्हेंबर 2024 ला संपलं. त्याआधीपासून बंद असलेल्या घरातलं मीटर नवीन टोकन नाकारत असेल, तर आधी वीज कंपनीकडून मिळणारी 20 अंकी दोन टोकनं एकामागून एक टाकावी लागतात, मग रीचार्जचं. क्रम चुकला की मीटर ढिम्म.

प्लगबद्दल. भिंतीत चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा सॉकेट असतो. आपला गोल पिनांचा प्लग त्यात जात नाही, कारण वरच्या लांब पिनेने आतली झडप उघडते तेव्हाच खालची दोन छिद्रं मोकळी होतात. मग आपल्याकडचा जुगाड: वरच्या छिद्रात पेनाची काडी घालायची आणि दोन पिना दाबून बसवायच्या. मोबाइल चार्ज होतोही. पण पकड ढिली राहते, ठिणग्या उडतात, आणि इथल्या प्लगमध्ये असतो तो फ्यूज आपल्या प्लगमध्ये नसतो. किटली किंवा पाणी तापवायची कॉइल 1500 वॉटची असेल तर साडेसहा अँपिअर ओढते. अशा खेळात सॉकेट वितळलं तर भरपाई डिपॉझिटमधून जाते. इथलंच 13 अँपिअरचं एक्स्टेंशन घ्या. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये 3 किंवा 5 अँपिअरचा फ्यूज असेल तर त्याला किटली लावू नका.

'मी मांस खात नाही' पुरत नाही

'सिली न्यामा' म्हटलं की पानात कोंबडी येते. यात कुणाचा खोडसाळपणा नाही. न्यामा म्हणजे बहुधा गाई-बकऱ्याचं मांस. कोंबडी आणि मासा मोजायचा तर वेगळं सांगावं लागतं. म्हणून पूर्ण यादी म्हणा: सिली न्यामा, कुकु, समाकी, वाला डागा. डागा म्हणजे बोटाएवढी सुकवलेली मासळी. ती पालेभाजीतही सापडते आणि वासाने ओळखेपर्यंत घास तोंडात गेलेला असतो. 'म्बोगा' मागितलीत तर सावध राहा: उगालीबरोबर (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) जे कालवण असेल त्याला म्बोगा म्हणायची पद्धत आहे, मग ते मटणाचंही असो. 'म्बोगा झा माजानी' म्हणा, म्हणजे पालेभाजी. निर्धास्त जेवण हवं तर 'वाली माहारागे', भात आणि राजमा. नारळाच्या दुधातला असेल तर कोकणातल्या माणसाला घरच्यासारखा वाटेल. तरी रस्सा मांसाच्या पाण्यात शिजवलाय का, ते विचाराच. अंडं चालत असेल तर 'चिप्सी मायाई', म्हणजे बटाट्याच्या काड्यांचं ऑम्लेट. ते प्रत्येक कोपऱ्यावर मिळतं, मात्र तेल बऱ्याचदा कोंबडी तळलेलंच.

स्वतः रांधणाऱ्यांची फसगत पिठात होते. दुकानात 'उंगा' मागितलं की पांढरं शुभ्र पाकीट मिळतं, मैदाच वाटावा असं. तो असतो 'सेंबे', पांढऱ्या मक्याचं पीठ, उगालीचं. त्याची पोळी लाटायला घेतली की कडा फाटतात, कारण मक्यात गव्हासारखं ग्लूटेन नाही. गव्हाचं हवं तर 'उंगा वा न्गानो', पण तोही मैदाच. पोळीचा आटा किसुटू, उपांगा भागातल्या भारतीय दुकानांत मिळतो. गणपतीत उकडीचे मोदक करायचे तर 'उंगा वा म्चेले' मागा. सेंबेची उकड चिकट होते आणि पारी उभीच राहत नाही.

गॅसचा छोटा सिलिंडर 6 किलोचा असतो आणि बर्नर थेट त्याच्या डोक्यावर बसतो. त्यावर पाच लिटरचा कुकर म्हणजे उंच, डोलणारा मनोरा. शिट्टी झाली की हलतो. दोन-तीन लिटरपेक्षा मोठा ठेवू नका, खाली फरशी सपाट हवी. बोअरचं पाणी खारट असेल तर चहाही खारट होतो. चहा आणि डाळीला विकतच्या मोठ्या बाटलीतलं पाणी घ्या.

पैसे

मोबाइल मनी यूपीआयसारखं दिसतं, पण यूपीआय नाही. पाठवायला शुल्क आणि एजंटकडून रोख काढायलाही शुल्क. घरमालक 'या कुटोलेआ'सकट पाठव म्हणाला तर तो काढायचा खर्चही मागतोय; तो जोडला नाही तर महिनाभर कटकट ऐकाल. दुकानात 'लिपा नंबा' (दुकानाचा पैसे घ्यायचा नंबर) असेल तर पैसे तिथेच भरा, दुकानदाराच्या खासगी नंबरवर नको. पिन दाबण्याआधी पडद्यावर समोरच्याचं नाव येतं, ते वाचा. चुकीच्या नंबरवर गेलेच तर त्या माणसाची मनधरणी करण्यात वेळ घालवू नका, लगेच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा. त्याने रोख काढली की परत मिळणं मुश्कील.

आणि एक एसएमएस नक्की येईल, स्वाहिलीत: 'ते पैसे या नंबरवर पाठव.' ना नाव, ना गाव. ज्याने आजच कुणाला भाडं द्यायचं कबूल केलंय तो बरोबर गळाला लागतो. हा देशभर माहीत असलेला गंडा आहे. न वाचल्यासारखं करा.

सकाळी बसमध्ये 10,000 ची नोट काढू नका. ती इथली सर्वात मोठी नोट आहे, आणि भाडं काहीशे शिलिंग. कंडक्टर 'चेंजी' नाही म्हणेल आणि सगळी डालाडाला (इथली मिनीबस) तुमच्याकडे बघेल. उतरायचं असेल तेव्हा मोठ्याने 'शुशा!' म्हणा. घंटी शोधत बसाल तर दोन थांबे पुढे जाल. पुण्यातल्या कंपनीच्या रिक्षेला इथे 'बजाजी'च म्हणतात, पण मीटर नाही: बसण्याआधी भाव ठरवा.

कपडे आणि किडे

ओले कपडे गवतावर, झुडपावर वाळत घालायची सवय इथे महागात पडते. एक माशी ओलसर कापडात अंडी घालते, अळ्या कातडीत शिरतात आणि आठवड्याभरात गळवासारखी गाठ येते. दोरीवर, कडक उन्हात वाळवा आणि कडक इस्त्री फिरवा, दोन्ही बाजूंनी, शिवणींवर आणि आतल्या कपड्यांवरही. चड्डीला इस्त्री करणाऱ्याला हसणारेच पुढे डॉक्टरकडे सापडतात. गाठ पिळू नका: वर पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावला की श्वासासाठी अळी वर येते, पण काढायचं काम डॉक्टरवर सोडा.

पावसात दिव्याभोवती नारिंगी-काळा, मुंगीएवढा किडा दिसला तर मानेवर बसल्यावर चापट मारू नका. चिरडला की त्याच्या रसाने भाजल्यासारखे फोड येतात, आणि तोच हात डोळ्याला लागला की डोळा सुजतो. फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर साबणाने धुवा, चोळू नका.

उरलेलं थोडक्यात. 1 जून 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, चिवड्या-लाडवांचे डबे कापडी पिशवीत भरा. सरकारी इमारती, पूल, पोलीस यांचे फोटो काढू नका. झांझिबारच्या फेरीला पासपोर्ट लागतो, फोटोकॉपी चालत नाही. पर्यटक व्हिसावर इंटर्नशिप करू नका. 'क्लास सी' निवास परवाना कोण काढणार आणि फी कोण भरणार हे निघण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या.

ताप आला की 'हवा बदलली' म्हणत क्रोसिन घेऊन झोपू नका, त्याच दिवशी मलेरियाची चाचणी करा. घरी परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तरीही, आणि डॉक्टरला टांझानियाहून आलोय हे आधी सांगा. नाहीतर पावसाळ्यात तो डेंग्यूच तपासत बसेल.