दहावी-बारावीतला पैशाचा हिशेब: या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या घरांत महिनाभर पैसे सारखे बाहेर जात असतात. अकरावीचा प्रवेश, क्लासचा पहिला हप्ता, पुस्तकं, पीएमपीचा पास, नवा मोबाइल. बारावीनंतरच्या जूनमध्ये तोच प्रकार, फक्त आकडे मोठे. या दोन जूनच्या मधल्या काळात विद्यार्थ्याने 'बचत कर' एवढंच ऐकलेलं असतं. पण या वयात खरं नुकसान पॉकेटमनी उडवल्याने फारसं होत नाही. ते होतं कागद वेळेवर तयार नसल्याने आणि न वाचता सही केल्याने. म्हणून आधी कागद, मग बचत.

नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं

बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. या क्रमाने सहसा काही अडत नाही. अडतं ते इंग्रजी स्पेलिंगमुळे: एका ठिकाणी आडनावात एक अक्षर जास्त, दुसरीकडे वडिलांचं नाव अर्धवट, तिसरीकडे जन्मतारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल. मग बँकेचं केवायसी (ओळखीची पडताळणी) परत येतं आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात आधार जुळत नाही.

दहावीचं परीक्षा आवेदनपत्र शाळेत भरलं जातं आणि छापील प्रत सहीसाठी हातात येते. त्या वेळी आधार, जन्मदाखला आणि शाळेचा जनरल रजिस्टरमधला उतारा शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. या टप्प्यावर दुरुस्ती शाळेतच होते. प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे जाते आणि त्यात महिने जातात.

आधारचं बोटांच्या ठशांचं आणि डोळ्यांचं अपडेट १५ वर्षं पूर्ण झाल्यावर बंधनकारक आहे. १५ ते १७ या वयात ते एकदा मोफत होतं. ते राहिलं असेल, तर नेमकं सीईटीच्या किंवा बँकेच्या कामात ठसे जुळत नाहीत आणि धावपळ होते.

खातं आहे, पण ते अजून 'लहान मुलाचं' आहे

१० वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं उघडता आणि चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये हे नियम नव्याने एकत्र केले. व्यवहाराची मर्यादा किती ठेवायची, हे मात्र प्रत्येक बँक ठरवते. खातं उघडताना शाखेत चार प्रश्न विचारा: किमान शिल्लक किती, ती कमी पडली तर दंड किती, डेबिट कार्डाची वर्षाची फी किती, एसएमएसचे पैसे वेगळे कापले जातात का. किमान शिलकीची अट नको असेल तर मूलभूत बचत खातं मागा, झिरो बॅलन्सचं. पोस्टाच्या बचत खात्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात.

मोठी चूक अठराव्या वाढदिवसाला होते. त्या दिवशी खातं आपोआप सज्ञानाचं होत नाही. नवी सही, नवा फोटो आणि ताजं केवायसी दिलं नाही, तर बँक पैसे काढणं थांबवू शकते. अल्पवयीन मुलाच्या नावावरचा म्युच्युअल फंडही तसाच अडकतो आणि चालू एसआयपी (दरमहाची ठरावीक गुंतवणूक) थांबते. पॅन लहानपणी काढला असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते, तोही अद्ययावत करावा लागतो. वाढदिवसाच्या आठवड्यातच पासबुक, आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन शाखेत जा आणि अर्जाची पोच घ्या. बारावीतल्या बऱ्याच मुलांचा अठरावा वाढदिवस प्रवेशाच्या धामधुमीच्या आसपासच येतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

शिष्यवृत्ती मंजूर, पण खात्यात पैसे नाहीत

या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. 'आधार लिंक आहे' आणि 'आधार सीड आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने केवायसीसाठी आधार नोंदवला की तो लिंक झाला. सरकारी पैसे मात्र एनपीसीआयच्या (देशातले डिजिटल व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) यादीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव असतं, तिथेच जातात. या यादीत एका वेळी एकच बँक असते, आणि शेवटी ज्या बँकेत तुम्ही संमती दिलीत ती. दुसरं खातं उघडताना फॉर्मवरच्या संमतीच्या चौकोनात नकळत खूण केली की शिष्यवृत्ती गुपचूप नव्या खात्याकडे वळते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी माय आधार पोर्टलवर ओटीपीने आत जाऊन 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं, तर आधी त्या खात्याचं पासबुक भरून घ्या, पैसे बऱ्याचदा तिथे जमा झालेले असतात. हव्या त्या बँकेत डीबीटीसाठीचा (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठीचा) आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा, काही दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा. खातं निष्क्रिय झालेलं असेल, तर सीडिंग बरोबर असूनही रक्कम परत जाऊ शकते. म्हणून अधूनमधून एखादा छोटा व्यवहार करत राहा.

आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्यांनी जास्त जपावं. राज्यात ही परीक्षा पुण्यातली महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये मिळतात. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. एक वर्ष अर्ज राहिला, तर त्या वर्षाचे १२,००० गेले.

दाखल्यांची आठवण निकालानंतर येते

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), जात वैधता. यांतलं एक जरी प्रवेश फेरीच्या तारखेला हातात नसलं, तर जागा खुल्या प्रवर्गात मोजली जाते किंवा फीची सवलत निसटते. सवलत लहान नाही. २०२४-२५ पासून राज्यात, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) किंवा ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर ही माफी नाही. आणि वसतिगृह, मेस, प्रवास यांचा खर्च घरूनच करायचा आहे, तो बजेटमध्ये धराच.

जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण वडिलांकडच्या जुन्या नोंदी गावाकडून आणाव्या लागतात. बारावीच्या पहिल्या सत्रातच कॉलेजमार्फत अर्ज जात पडताळणी समितीकडे जायला हवा. उत्पन्नाचा दाखला मात्र फार लवकर काढू नका. तो ठरावीक आर्थिक वर्षांपुरता असतो, त्यामुळे एप्रिलनंतर नवा काढा.

क्लासची फी 'सोप्या हप्त्यांत'

इथे जरा थांबून वाचा, कारण या एका सहीत अनेक घरांचे हजारो रुपये जातात.

क्लासच्या काउंटरवर 'ईएमआय करून देतो' म्हणतात, तेव्हा तो बहुधा क्लासने दिलेला हप्ता नसतो. ते आई किंवा बाबांच्या नावाने एखाद्या वित्त कंपनीकडून घेतलेलं कर्ज असतं. कंपनी पूर्ण फी क्लासला आधीच देऊन मोकळी होते. तीन महिन्यांनी क्लास सोडला तरी हप्ता कापला जातोच, कारण देणं क्लासचं नाही, कंपनीचं आहे. खात्यात पैसे ठेवले नाहीत तर हप्ता बाउन्स होतो, दंड लागतो आणि पालकांचा सिबिल (कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक) बिघडतो. दोन वर्षांनी शैक्षणिक कर्जाला हेच पालक सहकर्जदार असतात. तेव्हा बँक हाच सिबिल बघते.

व्याजाचंही बघा. समजा, फी एकरकमी १ लाख १० हजार आणि हप्त्यांनी दरमहा १० हजार, १२ महिने. जास्तीचे १० हजार म्हणजे ९ टक्के वाटतात. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, पूर्ण रक्कम वर्षभर तुमच्याकडे नसतेच. नीट हिशेब केला तर हा दर वर्षाला १६ टक्क्यांच्या पुढे जातो. त्यावर प्रोसेसिंग फी असेल तर आणखी जास्त. 'बिनव्याजी' असं सांगितलं, तर एकरकमी भरल्यावर किती सूट मिळते ते विचारा. ती सूट हेच व्याज.

सहीआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. कर्ज देणाऱ्याने ते देणं बंधनकारक आहे आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. क्लास सोडल्यास किती फी परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, पूर्ण फी भरून मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असं म्हटलं आहे. परतावा अडला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. फी परत मिळेपर्यंत हप्ते मात्र थांबवू नका.

आईच्या फोनचा यूपीआय पिन मुलाला पाठ

घरोघरी हे चालतं, आणि गडबड झाली की पिन स्वतःहून दिल्यामुळे बँक हात वर करते. त्याऐवजी यूपीआय अ‍ॅपमधल्या 'यूपीआय सर्कल' या सोयीत पालक मुलाला आपल्या खात्यातून पैसे देण्याची परवानगी देऊ शकतात. एक तर प्रत्येक व्यवहार पालकांनी मंजूर करायचा, किंवा महिन्याची मर्यादा आखून द्यायची, जी जास्तीत जास्त १५,००० रुपये असू शकते. सुरुवात पहिल्या प्रकाराने करा.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जुनी पुस्तकं किंवा सायकल ऑनलाइन विकताना समोरचा 'पैसे पाठवलेत, पिन टाक' म्हणाला, तर तो तुमच्याच खात्यातून काढतो आहे. फसवणूक झाली तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं असतं, म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा.

आणि खातं, एटीएम कार्ड किंवा सिम कुणालाही वापरायला देऊ नका, 'महिन्याला दोन-तीन हजार मिळतील' असं वर्गमित्राने सांगितलं तरी. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच खाती वापरतात. खातं गोठतं, आणि पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावाने येते.

बचत चुकीच्या जागी

पुणेकरांना रुपी बँक आठवत असेल. २०१३ मध्ये निर्बंध आले, २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. सहकारी असो वा सरकारी, विमा असलेल्या प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराची व्याजासह ५ लाखांपर्यंतची रक्कम ठेव विमा महामंडळाच्या संरक्षणात असते. पतसंस्थेला हे संरक्षण नाही, सोसायटीतल्या भिशीला तर नाहीच. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी कॉलेजच्या फीचे पैसे तिथे ठेवू नका.

पोस्टाची आरडी (आवर्ती ठेव) दरमहा १०० रुपयांपासून सुरू होते आणि ५ वर्षं चालते. ६.७ टक्के दराने महिन्याला ५०० रुपये भरले, तर ३०,००० चे सुमारे ३५,६८० होतात. पण अकरावीत सुरू केलेली आरडी बारावीनंतरच्या प्रवेशाला पुरी होत नाही, ही चूक अनेकांची होते. दोन वर्षांत लागणारे पैसे बँकेच्या तेवढ्याच मुदतीच्या आरडीत ठेवा.

खर्चाची वही आठ दिवसांत बंद पडते, कारण प्रत्येक वडापाव लिहायचा कंटाळा येतो. त्याऐवजी रविवारी दोनच आकडे लिहा: आठवड्याच्या सुरुवातीला हातात किती होते आणि आता किती उरलेत. फरक खटकला तरच खोलात जा. एकरकमी वाचवायला पुण्यात जागा आहेत. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकं तर पीडीएफमध्ये मोफत आहेत.

फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे शेअर बाजारातल्या जोखमीच्या सौद्यांच्या, नादाला लागू नका. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांनी त्यात पैसे गमावले.

शैक्षणिक कर्ज: 'नोकरी लागल्यावर बघू'

अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र पहिल्या रकमेपासून चालू होतं. चार वर्षं दर वर्षी दीड लाख, व्याज १० टक्के असं धरा. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५,००० होतं, दुसऱ्यावर ६०,०००, मग ४५,००० आणि ३०,०००. मिळून २ लाख १० हजार. म्हणजे ६ लाखांचं कर्ज फेडायला सुरुवात कराल तेव्हा ८ लाख १० हजार झालेलं असतं. १० वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे १०,७०० बसतो. शिकत असतानाच व्याज भरत गेलात, तर तोच हप्ता सुमारे ७,९०० वर येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला १,२५० रुपये असतं, आणि बहुतेक घरांना तेवढं जमतं.

अर्ज पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. पात्र संस्थेत प्रवेश, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि दुसरी कुठली सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. कर्ज घेण्याआधी मुलीच्या नावावरचं सुकन्या समृद्धी बचत खातंही बघा. मुलीची दहावी झाली किंवा १८ पूर्ण झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीतले ५० टक्क्यांपर्यंत पैसे शिक्षणासाठी काढता येतात. प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती मात्र लागते.

आधीच चूक झाली असेल तर

बँक किंवा वित्त कंपनीकडे तक्रार लेखी द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही, वकील लागत नाही. विद्यार्थी १८ च्या आतला असेल तर अर्ज पालकांच्या नावाने करा आणि पोचपावती, पासबुकची पानं व मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेच्या क्रमाने जोडा.