मुंबई बंदरातील शिडाच्या होड्यांवर मुलांचा विज्ञानवर्ग: आधीची तयारी

दिवस ठरवण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक आणि दिनदर्शिका शेजारी ठेवावी. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पंचमीला ती पावणेचारच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. मुंबईत समुद्रावरचा वारा बहुधा दुपारीच जोर धरतो, त्यामुळे पंचमी-षष्ठीला सकाळचे प्रयोग धक्क्यावर करून दुपारी चढत्या पाण्यात होड्या उतरवता येतात आणि परततानाही धक्क्याच्या उतरणीवर भरपूर पाणी मिळते. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो व प्रवाहही जोराचा असतो, म्हणून ते दिवस नवशिक्यांसाठी टाळावेत. पाऊणपटीचे उत्तर आणि छापील वेळ यांत फरक पडतो. तो मुलांनाच शोधू द्यावा. त्यासाठी दर दहा सेंटिमीटरला खूण केलेली काठी आदल्या दिवशी धक्क्याला घट्ट बांधावी आणि दर अर्ध्या तासाची नोंद कोण करणार, हेही ठरवून ठेवावे.

तरंगण्याच्या प्रयोगासाठी पाण्याचा मोठा टब, सारख्या मापाचे ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे, नाणी आणि वजनकाटा लागेल. येथे घाई करू नये. ऑप्टिमिस्ट या मुलांसाठीच्या छोट्या शिडाच्या होडीची लांबी सुमारे 2.3 मीटर आणि नुसत्या सांगाड्याचे वजन 35 किलो असते. त्यात 40 किलोचे मूल बसले, तर 75 किलोंसाठी समुद्राचे सुमारे 73 लिटर पाणी बाजूला सारावे लागते. गोड्या पाण्यात हाच आकडा 75 का होतो, याचे उत्तर मुलांनी टबात मीठ घालून पाहण्यापूर्वी वहीत लिहिलेले असावे. मोजमापानंतर लिहिलेल्या अंदाजाला माझ्या मते काही किंमत नाही.

वाऱ्याचा वेग मोजणारे हातयंत्र नव्या बॅटरीसह घ्यावे, कारण वेग 6 नॉटवरून 12 नॉटवर गेला की शिडावरचा जोर चौपट होतो, हे दाखवताना अंदाजपंचे आकडे चालत नाहीत. कप्प्यांच्या (पुलींच्या) प्रयोगासाठी दोर आणि स्प्रिंगकाटा पुरे. पाण्याची पारदर्शकता मोजायला 20 सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांची वजनदार तबकडी लागते; ती दोरीने पाण्यात सोडून किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहतात. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी ही पद्धत 1865 मध्ये वापरली. बंदराच्या गढूळ पाण्यात ती लवकर दिसेनाशी होईल, तेव्हा दोरीवरच्या खुणा पाच-पाच सेंटिमीटरला कराव्यात.

पालकांचे संमतिपत्र, पोहण्याची चाचणी, टोपी आणि पिण्याचे पाणी यांविषयी वेगळे सांगायला नको. जीवरक्षक जाकीट मात्र वयावरून न देता प्रत्येकाचे वजन करून द्यावे. तरंगण्याच्या गणितासाठी ते वजन तसेही हवेच असते. बचावनौकेचे इंधन तपासल्याखेरीज एकही होडी पाण्यात उतरवू नये.