जुन्या एमएक्स-५ मध्ये छोटा सबवूफर: पत्र्याला एकही भोक न पाडता

छत उघडं टाकून ताशी शंभरने निघालं की गाण्यातला डग्गा सगळ्यात आधी हरवतो. चाटीचा आवाज कानापर्यंत येतो, डग्ग्याचा घुमारा येत नाही. मग आपण आवाज वाढवतो, दरवाज्यातले बिचारे साडेसहा इंची स्पीकर फडफडायला लागतात आणि गाणं नुसतं कर्कश होतं.

यात स्पीकरचा दोष कमी, उघड्या छताचा जास्त. ४० हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर भरते, म्हणजे गाडीच्या दुपटीहून जास्त. बंद केबिनमध्ये इतका खालचा स्वर आतली सगळी हवा एकदम दाबतो आणि बेस फुकटात वाढून मिळतो. छत उघडलं की तो दाब आभाळात जातो. त्यात वाऱ्याचा आणि टायरचा आवाजही बहुतांशी खालच्याच पट्टीतला, त्यामुळे उरलासुरला बेस त्याखाली झाकला जातो. म्हणून उघड्या गाडीत सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, लावायचा तो चौकातल्या काचा हादरवायला नाही. दरवाज्याच्या स्पीकरच्या डोक्यावरचं ओझं काढून घेणं एवढंच त्याचं काम. हे एकदा पटलं की छोटा, आठ इंची डबा पुरतो.

उदाहरणाला माझदाची पहिल्या पिढीची एमएक्स-५ घेतोय, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात ती. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली आणि १९९७ पर्यंत बनत राहिली. आता ती रीतसर क्लासिक झाली आहे, तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना सेकंडहँड बाजारात अजून सापडते आणि जागेची जेवढी म्हणून अडचण असू शकते तेवढी सगळी तिच्यात आहे. इकडे सॉफ्ट टॉप जिप्सी बाळगणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी पाणी बघा

खरेदीला जाण्याआधी दोन्ही सीटमागच्या कोपऱ्यांतलं कार्पेट उचलून हात लावून बघा. ओलं लागलं तर सबवूफरचा विषय तिथेच थांबवा. या गाडीत छतावरचं पावसाचं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीखाली उतरतं. नळ्यांत पानं-माती अडकली की तेच पाणी केबिनमध्ये येऊन कार्पेटखाली साचतं. वरून पाहिलं तर काही कळत नाही, फक्त कुबट वास येतो. एक लिटर पाणी हळूहळू कोपऱ्यात ओता. मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली ते टपकलं पाहिजे. नाही टपकलं तर गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी आत सरकवून घाण मोकळी करा. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते आणि मग पाणी कायमचंच आत.

जागा: तीन ठिकाणी नाही, एका ठिकाणी हो

पहिला विचार डिकीचा येतो. पण या गाडीत डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची पूर्ण भिंत आहे आणि तिच्या पुढे, सीटमागच्या फळीखाली, पेट्रोलची टाकी. डिकीतला सबवूफर मागच्या गाडीवाल्याला छान ऐकू जाईल, तुम्हाला नुसती नंबर प्लेटची खडखड. आणि त्या भिंतीत किंवा सीटमागच्या फळीत ड्रिल घालायचा विचारसुद्धा करू नका, पलीकडे टाकी आहे.

सीटमागची फळी मोकळी दिसते खरी, पण छत मिटलं की ते तिथेच येऊन बसतं. सीटखाली म्हणाल, तर या गाडीची सीट जमिनीला इतकी चिकटून आहे की साध्या सेडानमध्ये सीटखाली जाणारा डबा इथे अडकतो.

उरतो शेजारच्या प्रवाशाच्या पायापुढचा उतार, म्हणजे इंजिनकडच्या भिंतीला टेकलेली जागा. पायांना अडचण होईल म्हणून ही जागा लोकांना पटत नाही, पण बेससाठी तीच सगळ्यात चांगली. डबा कोपऱ्यात, जमिनीलगत, तुमच्यापासून हातभर अंतरावर. छत उघडं असताना हे जवळ असणंच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण इथे केबिनची मदत नसते.

विकत घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका करून तिथे ठेवा आणि नेहमी शेजारी बसणाऱ्या माणसाला अर्धा तास फिरवून आणा. बायको किंवा नवरा जे काही बोलेल तो अंतिम निर्णय समजावा. बहुतेकदा खोका दोन बोटं तिरका केला की पाय मावतात.

एक धोका मात्र आहे. १९९० ते ९३ च्या अमेरिकन गाड्यांमध्ये इंजिनचा कॉम्प्युटर याच जागी, कार्पेटखाली पत्र्याच्या झाकणामागे असतो. तिथे एक स्क्रू जास्त खोल गेला की गाडी जागची हलणार नाही. नंतरच्या मॉडेलमध्ये तो इथून हलवलेला आहे. तुमची गाडी कोणतीही असो, कार्पेट उचलून खाली काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डबा कोणता

ज्यात अँप्लिफायर आतच असतो असा, म्हणजे अॅक्टिव्ह सबवूफर घ्या. वेगळा अँप ठेवायला इथे जागा नाही. किकरच्या हाइडअवे मालिकेतला आठ इंची डबा १५० वॉट आरएमएस (म्हणजे सतत टिकणारी ताकद) देतो, अल्पाइनचा पीडब्ल्यूई-एस८ हा १२० वॉट. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ आकडा वाचायचाच नाही, फक्त आरएमएस बघायचा. असले चपटे डबे ३० हर्ट्झच्या खाली फारसं काही करत नाहीत. आपल्याला ते नकोच आहे, कारण डग्गा, ढोल, बेस गिटार यांचा जीव मुख्यतः ४० ते १०० च्या पट्ट्यात असतो. आवाज कमीजास्त करायची वायरवाली खुंटी सोबत मिळत असेल तर तोच डबा निवडा. पुढे ती रोज लागते.

वायरिंग

या गाडीची बॅटरी इंजिनपाशी नसून डिकीत, उजव्या कोपऱ्यात आहे. अमेरिकन गाडीत प्रवाशाची बाजूही उजवीच, त्यामुळे केबल सरळ आणि आखूड जाते.

सुरुवातीला बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. मग हिशोब. १५० वॉटचा डबा पूर्ण जोरात वाजला तर, अँपमधली गळती धरून, साधारण १४ अँपिअर ओढतो. म्हणून ८ गेजची तांब्याची केबल आणि कंपनीने सांगितलेला फ्यूज, सहसा २० किंवा २५ अँपिअरचा. केबल घेताना ती अस्सल तांब्याची आहे ना ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तेवढ्याच जाडीत कमी करंट वाहते. फ्यूज डब्यापाशी नाही, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवायचा. तो सबवूफरला वाचवायला नसतो, वाटेत केबल कुठे घासून पत्र्याला लागली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

डिकीचं अस्तर काढलं की मूळ वायरिंगचा जुडगा केबिनमध्ये शिरताना दिसतो. त्याच रबरी ग्रॉमेटमधून, म्हणजे पत्र्याच्या भोकात बसवलेल्या रबरी कड्यातून, आपली केबल न्या. पुढे दरवाज्याच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उघडून तिच्याखालून पायापर्यंत. तीस वर्षांचं प्लास्टिक थंडीत काडकन तुटतं, त्यामुळे हे काम उन्हात गाडी तापलेली असताना करा. ऑडिओची वायर याच बाजूने नेऊ नका, मधल्या कन्सोलकडून आणा. दोन्ही शेजारी धावल्या तर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी ‘कुंईई’ स्पीकरमध्ये ऐकू येऊ शकते.

ती कुंई बहुतेक वेळा कच्च्या अर्थिंगमुळेही येते. अर्थिंगची वायर जितकी आखूड तितकी चांगली. बॉडीत थेट घुसलेला एखादा मूळ बोल्ट शोधा, त्याखालचा रंग सँडपेपरने घासून चकचकीत धातू उघडा करा, रिंग टर्मिनल कसा आणि वरून ग्रीस फासा, नाहीतर तिथूनच गंज सुरू होईल. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरायचा नाही.

स्टिरिओ नवा असेल तर मागे सबवूफरचा आरसीए सॉकेट आणि निळी-पांढरी रिमोट वायर मिळते. रिमोट वायरमुळे स्टिरिओ बंद केला की सबवूफरही झोपतो. मूळ कंपनीचाच स्टिरिओ ठेवायचा असेल, आणि क्लासिक गाडीत तो ठेवावा असंच माझं मत आहे, तर स्पीकरच्या वायरींवरूनच सिग्नल घेणारा हाय-लेव्हल इनपुट असलेला डबा घ्या.

एमएक्स-५ पेक्षा जुनी ब्रिटिश गाडी असेल तर इथेच थांबा. उदाहरणार्थ एमजीबी. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं, उलटं अर्थिंग. त्यावर आजचा अँप लावला तर फ्यूज उडेल किंवा अँप जळेल. शिवाय तिचा डायनॅमो जेमतेम २२ अँपिअरचा. हेडलाइट आणि वायपर चालू असताना त्यात सबवूफरला फारसं काही उरत नाही. आधी अल्टरनेटर, आधी निगेटिव्ह अर्थ, मग गाणी.

बसवणं

पत्र्याला भोक नाही हा नियम पाळायचा तर १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा तुकडा पायापुढच्या जागेच्या आकारात कापा. डब्याचे ब्रॅकेट त्या प्लायला स्क्रूने बसवा, स्क्रू १० मिलिमीटरपेक्षा लांब नको. प्लायच्या खालच्या बाजूला रुंद वेल्क्रोची काटेरी बाजू लावा, ती कार्पेटला घट्ट धरते. वरून एक पट्टा तिथल्याच मूळ बोल्टला बांधा. नुसत्या वेल्क्रोवर भरवसा ठेवू नका, अपघातात चार-पाच किलोचा डबा प्रवाशाच्या नडगीवर येईल. वायरिंगला जोडणीचा प्लग ठेवा. पट्टा सोडला, प्लग काढला की डबा घरात. कापडी छत ब्लेडने फाडायला चोराला मिनिटही लागत नाही आणि नवं छत सबवूफरपेक्षा महाग पडतं. म्हणूनच ही गाडी बाळगणारे बरेच लोक आत किमती काही न ठेवता दरवाजे लॉक न करताच सोडतात.

आवाज जुळवणं

घाई करू नये असं हेच एक काम. बेस बूस्ट शून्यावर, गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं डब्यावरचं बटण) शून्यावर. सबवूफरचा लो-पास, म्हणजे वरचे स्वर अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झला ठेवा. स्टिरिओत त्याच्या उलटा, हाय-पास असेल तर दरवाज्याच्या स्पीकरना १०० हर्ट्झच्या खालचं काही जाऊच देऊ नका. निम्मा फायदा इथेच मिळतो: खालचे स्वर काढून घेतले की तेच जुने स्पीकर वाऱ्यातही स्वच्छ बोलायला लागतात.

आता गाडी उभी, छत बंद. स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश करा आणि ओळखीचं एखादं गाणं लावा, ज्यातला ठेका तुम्हाला पाठ आहे. गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की तिथून थोडा मागे या. मग फेजचा स्विच, म्हणजे सबवूफर बाकी स्पीकरच्या तालात हलेल की उलटा ते ठरवणारा, ० आणि १८० वर करून बघा. ज्या बाजूला बेस भरलेला वाटेल ती बाजू बरोबर. कधी फरक नखाएवढा असतो, कधी ठेका अचानक डॅशबोर्डवर येऊन बसल्यासारखा वाटतो.

मग छत उघडून हायवेला जा. मागची प्लास्टिकची काच चेन उघडून आडवी करूनच छत मिटा, नाहीतर तिला कायमची घडी पडते. रस्त्यावर बेस पुन्हा पातळ वाटेल. तेव्हा गेनला हात लावायचा नाही, फक्त वायरवाली खुंटी फिरवायची. स्टिरिओत सेटिंग साठवता येत असतील तर छत उघडं आणि छत बंद अशी दोन करून ठेवा. उघड्याचं सेटिंग बंद छतात लावलं तर डोकं दुखतं.

शेवटी खडखड शोधा. ३० ते ८० हर्ट्झचा हळूहळू चढणारा टोन फोनवरून वाजवा आणि एकेका जागी हाताने दाबून बघा: सन व्हायजर, दरवाज्यातली अर्धी खाली केलेली काच, सीटबेल्टच्या खांबावरचं प्लास्टिक. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे कापडी टेपचा तुकडा.

गाडी हिवाळाभर झाकून ठेवणार असाल तर बॅटरीजवळचा तो फ्यूज काढून ग्लव्हबॉक्समध्ये टाका. रिमोट वायर नसलेले डबे सिग्नलची वाट पाहत थोडा करंट ओढत राहतात, आणि या गाडीची बॅटरी मुळात छोटी आहे.