राज्यसेवेची मुलाखत: कपडे, बसणं, बोलणं

राज्यसेवेच्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची. अभ्यास लेखीत मोजून झालेला असतो. उद्या तहसील कार्यालयात लोक ज्याच्यापुढे अर्ज घेऊन उभे राहतील, तो माणूस कसा आहे, हे पॅनेलला बघायचं असतं.

फिका, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घ्या आणि आधी दोनदा धुवा. कोऱ्या कापडातली खळ मानेला टोचते आणि हात सारखा कॉलरकडे जातो. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. मोजे पोटरीपर्यंतचे घ्या, कारण खुर्चीत बसलं की पॅन्ट वर सरकते. बूट नवे असतील तर आठवडाभर घरात रोज तासभर घाला.

साडी नेसणार असाल तर खळ बेताचीच. कडक खळीच्या निऱ्या बसल्यावर फुगतात. पदर खांद्यावर पिनेने पक्का करा, तो सावरण्यात लक्ष जायला नको. काचेच्या बांगड्या टेबलाला लागून वाजतात, त्या घरी ठेवा. साडीची सवय नसेल तर सलवार-कमीज उत्तम. साडीच हवी हा आग्रह चुकीचा आहे. अत्तर मुळीच नको, बंद खोलीत ते फार जाणवतं.

दार उघडून आत येण्याची परवानगी मागा, दोन पावलं आत येऊन सगळ्यांना मिळून एकच नमस्कार करा. बसायला सांगितल्यावर खुर्ची उचलून मागे घ्या, फरशीवर ओढू नका. पाठ टेकेल इतकं मागे बसा. खुर्चीच्या काठावर बसलेला माणूस पळायच्या तयारीत दिसतो. दोन्ही तळवे मांडीवर सुटे ठेवा. बोटं एकमेकांत घट्ट अडकवली की खांदे वर चढतात आणि आवाज दबतो. बोलताना हात हलले तर हलू द्या, छातीच्या वर जाऊ नयेत एवढंच.

पाय हलवणं ही सर्वात चिवट सवय. टेबलाखाली ते दिसत नाही असं वाटतं, पण खांदेही हलतात. सरावाला फोन समोर ठेवून २५ मिनिटांचं चित्रीकरण करा आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, म्हणजे उत्तरांकडे लक्ष न जाता फक्त शरीर दिसतं. एका आठवड्यात एकच सवय धरा. सगळ्या एकदम सुधारायला गेलं की माणूस लाकडी होतो.

ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्याकडे बघून उत्तराला सुरुवात करा, मग नजर इतरांवर फिरवून शेवट पुन्हा त्यांच्याकडेच. प्रश्न संपल्यावर दोन सेकंद थांबा. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ हे सरळ, पूर्ण आवाजात सांगा. जीभ चावणं, कपाळाला हात लावणं, ओशाळं हसणं यांनी पुढचा प्रश्नही बिघडतो. वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाची बोली असेल तर ते लपवू नका. उसनं पुणेरी मराठी दुसऱ्याच वाक्याला गळून पडतं, आणि ज्या लोकांत काम करायचं त्यांची भाषा येणं ही जमेची बाजू आहे.

निघताना आभार माना, खुर्ची जागेवर ठेवा आणि दार हातात धरून आवाज न करता लावा. निःश्वास सोडायचा तो दाराबाहेर.