पिल्लाच्या वाढीवरून त्याच्या पूर्ण आकाराचा अंदाज

कुत्र्याचे पिल्लू घरी येताच ते किती मोठे होईल हे कळावे असे वाटते, कारण कोल्हापुरात शाहूपुरीतील फ्लॅट आणि पन्हाळ्याच्या वाटेवरचे शेतघर यांत जागेचा फार फरक असतो. त्यासाठी आठव्या आठवड्यापासून दर रविवारी, खाण्यापूर्वी, वजन करून वहीत लिहावे. पिल्लाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. पिल्लू अगदी लहान असेल, तर लक्ष्मीपुरीतील ओळखीच्या दुकानदाराचा धान्याचा काटा अधिक अचूक ठरतो.

सोळाव्या आठवड्यातील वजनाला 16 ने भागून 52 ने गुणल्यास मध्यम आकाराच्या कुत्र्याचा ढोबळ अंदाज मिळतो, म्हणजे 8 किलोचे पिल्लू सुमारे 26 किलोचे होईल. लहान जातींची वाढ साधारण वर्षाच्या आत पूर्ण होते. मोठ्या जाती मात्र दीड वर्षापर्यंत, आणि अतिविशाल जाती दोन वर्षांपर्यंतही वाढतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हे गणित तितके नेमके ठरत नाही.

जंत झालेल्या पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे ताठ दिसते, पण फासळ्या हाताला लागतात. अशा वेळी आधी पशुवैद्यांकडून जंतांचे औषध द्यावे. मुधोळ किंवा कारवान या शिकारी जातीचे पिल्लू असेल, तर वजनापेक्षा खांद्यापर्यंतची उंची मोजावी, कारण हे कुत्रे उंच असूनही सडपातळ असतात. पंजांच्या आकारावरून बांधलेल्या अंदाजावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. शक्य असल्यास आई-वडील प्रत्यक्ष पाहावेत.