फसलेली किशोर कादंबरी अर्ध्यावर कशी सोडावी

वाचनखूण तीन आठवडे १४३व्या पानावर अडकून पडली आहे आणि पुस्तक दिसलं की तुम्हाला कपाट आवरायची हुक्की येते, असं झालं असेल तर निर्णय मनात झालेलाच आहे. तो आता रीतसर अमलात आणायचा.

आधी पानं मोजा. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा हिशेब सोपा आहे: ५० पानं वाचा, नाही रुचलं तर सोडा. वय ५०च्या पुढे असेल तर १००मधून वय वजा करा. ६२ वर्षांच्या वाचकाने ३८ पानं दिली की पुरे. किशोर कादंबरीला यापेक्षा जास्त सवलत मी तरी देत नाही.

पुढच्या पायरीवर मात्र घाई नको. पुस्तकच वाईट आहे, की आपण त्याच्या वयाचे उरलो नाही? या कादंबऱ्या साधारण १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या असतात. चाळिशीत वाचताना नायिकेचा हट्ट डोक्यात जातो, ‘अगं, आईशी एकदा सरळ बोल ना’ असं वाटतं. त्यात लेखकाची चूक नाही. चूक वेगळी दिसते. मी शेवटची सोडलेली कादंबरी घ्या. नायिका ‘नकळत रोखून धरलेला श्वास’ सोडायची, एकाच प्रकरणात तीनदा. आणि ज्याच्याकडे बघून सोडायची, त्या मुलाकडे हिरव्या डोळ्यांपलीकडे काही नव्हतं. ना कसली भीती, ना एखादा मित्र. हा पुढच्या पानावर मेला तर मला काही वाटेल का, असं स्वतःला विचारलं. उत्तर ‘नाही’ आलं, पुस्तक मिटलं. तुम्हीही हेच विचारून बघा.

पैसे गेले म्हणून रेटत बसू नका. ते बुडीत खर्चात गेले. उरलेली २०० पानं वाचून ते परत येणार नाहीत, तुमच्या संध्याकाळी मात्र वाया जातील. ‘दुसऱ्या भागात रंगते’ हेही ऐकू नका. रंगायचं तर पहिल्यातच रंगायला हवं होतं.

शेवट काय झाला ही चुटपुट लागली तर थेट शेवटचं प्रकरण वाचा, बिनदिक्कत. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यात पानं गाळण्याचा हक्क दुसरा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा तिसरा आहे.

अवघड काम एकच. पुस्तक भाचीने आग्रहाने दिलं असेल तर ‘वाचलं, छान होतं’ अशी थाप मारू नका, ती लगेच शेवटाबद्दल विचारेल. ‘१४३पर्यंत पोचले, तो मुलगा काही पटला नाही बाई’ असं सांगा. ती तावातावाने त्याची बाजू मांडेल, तेवढी ऐकून घ्या. मग पुस्तक परत करा, खूण काढून.